वसतिगृहातील मूल आणि त्याचे घर

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडण्याचे दिवस आले, की म्हैसूरच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. कोडगू, हासन, मंड्या, चामराजनगर अशा जिल्ह्यांतील खेड्यांतून आलेली गाडी थांबते आणि तिच्यातून एक कुटुंब उतरते. बापाच्या खांद्यावर गादीची गुंडाळी असते, आईच्या हातात चकल्या-कोडबळ्यांचा डबा असतो आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात नवी कोरी बादली असते. बादलीवर त्याचे नाव रंगवलेले असते. वसतिगृहाच्या दारापाशी निरोपाचा प्रसंग पाचदहा मिनिटांत उरकतो. रेक्टर महाशय पालकांना फार वेळ रेंगाळू देत नाहीत, आणि त्यांचा अनुभव पाहता ते योग्यच म्हटले पाहिजे. परंतु त्या पाचदहा मिनिटांत मुलाच्या आयुष्याची मांडणीच बदलते. आजवर ते एका कुटुंबाचा घटक होते. आता ते दोन ठिकाणचे होते, आणि या दोन ठिकाणांचा मेळ घालण्याचे काम मुख्यतः त्यालाच करावे लागते. ते काम कसे चालते, कशाने सोपे होते आणि कशाने बिघडते, हे पाहणे उद्बोधक आहे.

म्हैसूर ही फार पूर्वीपासून विद्यार्थ्यांची नगरी आहे. संस्थानच्या काळी महाराजा कॉलेज आणि 1916 साली स्थापन झालेले विद्यापीठ यांमुळे खेड्यापाड्यांतील मुले शिकण्यासाठी येथे येत. पैसा नसलेल्या मुलांची सोय ‘वारान्न’ या पद्धतीने होई. मराठी वाचकांस ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही. पुण्यासातार्‍यास वार लावून जेवणारे विद्यार्थी ज्या रीतीने शिकले, तीच ही रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसर्‍या घरी, असे सात दिवसांचे सात आश्रयदाते असत. या व्यवस्थेत मूल घरापासून तुटले तरी घरगुती वातावरणापासून तुटत नसे. सात घरांतील सणवार, आजारपणे, भांडणे त्याच्या दृष्टीस पडत. मात्र त्या घरांत त्याचे स्थान अर्ध्या पाहुण्याचे असे, आणि कोणत्या घरी किती पोळ्या मागाव्यात याचा अंदाज बांधण्यात त्याची बरीच बुद्धी खर्च होई.

तथापि वाराचे अन्न सर्वांस मिळत नव्हते. ज्या घरांत वार लावण्याची चाल होती ती बहुधा ब्राह्मणांची, आणि त्यांच्या पंगतीस इतर जातींच्या मुलास स्थान नव्हते. कुणब्याचा, धनगराचा किंवा अस्पृश्य मानलेल्या जातीतील मुलगा कितीही हुशार असला, तरी शहरात त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, येथेच त्याचे शिक्षण अडत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेत ठिकठिकाणी निघालेली बोर्डिंगे ही या अडचणीतून जन्मास आली. आपल्या देशातील वसतिगृह आणि इंग्लंडातील श्रीमंतांची निवासी शाळा यांच्यात हा मूलभूत भेद आहे. इंग्रज सरदाराचा मुलगा घरी सर्व असताना बाहेर पाठविला जाई. आपल्याकडील मुलगा मात्र गावात शाळाच नसल्यामुळे बाहेर पडे. वसतिगृहाच्या परिणामांचा विचार करताना हा भेद नजरेआड केला, तर परदेशी ग्रंथांतील निष्कर्ष आपल्या मुलांवर उगाच लादले जातात.

कोल्हापूरचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. शाहू छत्रपतींनी 1896 साली राजाराम कॉलेजास जोडून सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढविले. परंतु थोड्याच काळात ते प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. तेव्हा 1901 पासून त्यांनी मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठी निराळी बोर्डिंगे उभारण्याचा मार्ग धरला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या बोर्डिंगच्या समारंभास जैन बोर्डिंगमधील एक तरुण विद्यार्थी गेला. परत आल्यावर त्यास शुद्धीसाठी स्नान करण्यास सांगण्यात आले, त्याने ते नाकारले आणि त्यास बोर्डिंग सोडावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून ओळखले गेलेले भाऊराव पाटील. त्यांनी 1924 साली सातार्‍यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीस बसत. 1927 साली महात्मा गांधी तेथे आले आणि त्यांच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

अशा पंगतीत जेवलेले मूल सुटीत घरी परतले, म्हणजे काय होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. आजीने ‘तिकडे कोणाच्या हातचे खातोस?’ असे विचारले, तर त्याने खरे सांगावे की आजीचे मन राखावे? वसतिगृहाने मुलाच्या सामाजिक जीवनात जी भर घातली, तीच त्याच्या कौटुंबिक जीवनात प्रथम अडचण होऊन उभी राहिली. दोन्ही परिणाम एकाच कारणाचे आहेत; त्यांपैकी एक तेवढा घ्यावा आणि दुसरा टाकावा, असे करता येत नाही.

सातारच्या वसतिगृहाची आणखी एक गोष्ट येथे सांगावयास हवी. मुलांच्या धान्याची भ्रांत पडली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि अखेर मंगळसूत्रदेखील मोडले. या त्यागाचा गौरव पुष्कळ झाला आहे. परंतु मुलांच्या दृष्टीने पाहता अधिक महत्त्वाचे हे, की त्या वसतिगृहात कोणीतरी आईच्या जागी होते. आजारी मुलाच्या उशाशी कोण बसते, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून वसतिगृहाची परीक्षा होते. इमारत, ग्रंथालय, क्रीडांगण यांचा क्रम त्यानंतर लागतो. म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे 1960 नंतर तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. पुढे तेथे तिबेटी बालग्रामाची जी शाळा निघाली, तिच्या मागील कल्पना हीच आहे: लांबच लांब शयनगृहांऐवजी लहान लहान घरे, आणि प्रत्येक घरात वेगवेगळ्या वयांच्या मुलांसह राहणारी एक पालक-माता. ज्या मुलांचे घरच देशासह सुटले होते, त्यांच्यासाठी केवळ निजण्याजेवण्याची सोय पुरेशी नव्हती, हे चालकांनी ओळखले होते.

या विषयाकडे शास्त्राने लक्ष दिले ते दुसर्‍या महायुद्धानंतर. जॉन बोल्बी या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला आणि बालवयात आईचा किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचा सततचा सहवास मानसिक आरोग्यास किती आवश्यक असतो, हे दाखवून दिले. त्याचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट 1952 साली तयार केला. अशी मुले प्रथम आकांत करतात, मग खिन्न होतात, आणि अखेरीस शांत दिसू लागतात. परिचारिकांना वाटे की मूल रुळले. रॉबर्टसन यांचे म्हणणे असे, की ही शांतता रुळण्याची नसून मन मिटून घेतल्याची असते; कारण आई परत आली, की तेच मूल तिच्याकडे पाठ फिरविते.

दोन वर्षांच्या बालकास जे लागू पडते ते अकरा वर्षांच्या मुलास जसेच्या तसे लागू पडत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. मोठ्या मुलास काळाची जाणीव असते. दसर्‍याला आपण घरी जाणार हे त्याला कळते. तरीही ‘शांत दिसणारे मूल सुखी असेलच असे नाही’ हा धडा वसतिगृहांनी घेण्यासारखा आहे. याचे एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईत जन्मलेल्या मुलाचे आहे. लेखक रडयार्ड किप्लिंग यास वयाच्या सहाव्या वर्षी, 1871 साली, धाकट्या बहिणीसह इंग्लंडात एका परक्या कुटुंबाकडे ठेवण्यात आले. हिंदुस्थानातील इंग्रज अधिकार्‍यांत ही सर्रास चाल होती. तेथे त्याचा छळ झाला. सुमारे सहा वर्षांनी आई भेटावयास आली आणि रात्री जवळ घेण्यासाठी त्याच्या अंथरुणापाशी वाकली, तेव्हा मार चुकविण्यासाठी त्याने हात आडवा धरला, असे त्याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. इतक्या वर्षांत त्याने घरी तक्रारीचे एक अक्षरही कळविले नव्हते. मुले असे का करतात, याचा उलगडा मोठ्यांना सहसा होत नाही. जे वाट्यास आले ते तसेच असावयाचे, असे मूल धरून चालते.

शाळकरी वयातील घरची ओढ हा पुढे स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला. शर्ली फिशर या संशोधिकेने 1980 नंतरच्या दशकात ब्रिटनमधील निवासी शाळांच्या मुलांकडून रोजनिशीच्या रूपाने नोंदी घेतल्या. घरची आठवण सतत येत नसते. ती लाटांनी येते, असे त्यांत दिसून आले. खेळाच्या मैदानावर ती फारशी येत नाही. हाताला आणि डोक्याला काम नसते तेव्हा, रिकाम्या वेळी किंवा अंथरुणावर पडल्यावर, ती दाटून येते. दुसरा निष्कर्ष पालकांनी मनावर घेण्यासारखा आहे. घर सोडण्याच्या निर्णयात ज्या मुलांचे मत विचारले गेले होते, त्यांना ही ओढ कमी पीडते. ज्यांना नुसते सांगण्यात आले, त्यांना अधिक. पूर्वी मामाकडे किंवा आत्याकडे चार दिवस एकटे राहिलेल्या मुलासही नवे ठिकाण सोपे जाते. आपल्याकडील आजोळची चाल ही या दृष्टीने एक चांगली पूर्वतयारीच म्हटली पाहिजे.

वसतिगृहात मित्र मिळतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती मैत्री दिवसा येऊन जाणार्‍या विद्यार्थ्यांच्या मैत्रीहून निराळी असते. गावातील मुलाचे मित्राशी भांडण झाले, तर संध्याकाळी ते घरी येते, आईपाशी कुरकुर करते, आणि सकाळपर्यंत राग ओसरतो. वसतिगृहातील मुलास ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याच शेजारच्या खाटेवर निजावयाचे असते. त्यामुळे ते तडजोड करावयास लवकर शिकते. वाटून खाणे, आजारी सोबत्याची पत्रावळ उचलणे, दुसर्‍याचे घोरणे सोसणे हे गुण अशा सहवासातून येतात आणि ती मैत्री पुष्कळदा सख्ख्या भावंडांच्या नात्याइतकी टिकते. उलटपक्षी, ज्या मुलाच्या मागे खोलीतील टोळी लागली, त्यास पळून जाण्यास जागाच नसते. एर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 1961 साली तुरुंग, बराकी, जहाजे आणि निवासी शाळा यांना एकाच वर्गात घातले होते. या सर्व ठिकाणी निजणे, काम करणे आणि खेळणे हे तिन्ही व्यवहार एकाच छपराखाली, एकाच अधिकार्‍याच्या नजरेखाली आणि त्याच त्या माणसांसह चालतात. ही तुलना कठोर वाटेल. परंतु मोठ्या मुलांकडून लहानांचा होणारा जाच बाहेर कळण्यास इतका वेळ का लागतो, याचे उत्तर तिच्यात आहे.

घराशी असलेल्या नात्याचे काय होते, हे मात्र वसतिगृहात दिसत नाही. ते सुटीत दिसते. दसर्‍याचा सोहळा पाहण्यासाठी जगभरचे लोक म्हैसुरास लोटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत येथील वसतिगृहांतील मुले शहर सोडून आपापल्या गावी जातात. घरी त्यांचे कोडकौतुक होते. आवडीचे पदार्थ होतात, धाकट्या भावंडांस ‘दादा आला आहे, त्याला त्रास देऊ नका’ असे बजावले जाते. यातच गोम आहे. ज्याला त्रास द्यावयाचा नाही तो पाहुणा झाला. पाणी कोणी भरावे, म्हशीला कोणी सोडावे, आजीचे औषध कोणी आणावे, ही कामे त्याच्या गैरहजेरीत भावंडांनी वाटून घेतलेली असतात आणि त्याच्या वाट्यास काहीच उरलेले नसते. कुटुंबातील जिव्हाळा मोठ्या प्रसंगांवर जगत नाही. तो अशा क्षुल्लक देवघेवीवर, दिवसातून दहा वेळा होणार्‍या बोलाचालीवर पोसला जातो. वडील प्रगतिपुस्तक पाहतात, आई जेवणाविषयी विचारते, आणि तिसर्‍या दिवशी दोहोंकडचे बोलणे संपते. मूल कंटाळले आहे असे घरच्यांस वाटते. वास्तविक त्याच्या मनातील बहुतेक गोष्टी अशा माणसांविषयी असतात, ज्यांना घरात कोणी ओळखत नाही.

पूर्वी आठवड्यास एक पोस्टकार्ड घरी जात असे आणि बहुधा ते रेक्टर वाचून पाहत. आता रविवारी दूरध्वनीपाशी रांग लागते. आवाज ऐकू येतो हा लाभ खराच. परंतु मागे दहा मुले उभी असताना मूल ‘बरा आहे, जेवलो’ यापलीकडे काय बोलणार? पत्र लिहिताना निदान त्याला विचार करावा लागे. रडू आवरण्यासाठी आईचा फोनच टाळणारी मुलेही असतात, आणि घरी त्याचा अर्थ ‘आमची आठवण येत नाही’ असा लावला जातो.

मग या सर्वांचा एकूण परिणाम काय? संशोधकांचे यावर एकमत नाही, आणि ते असण्याची अपेक्षाही करू नये. जॉय शाव्हेरिन या मनोविश्लेषक स्त्रीने 2011 साली ‘निवासी शाळेची लक्षणे’ म्हणून एक चित्र मांडले. अगदी लहानपणी घराबाहेर पाठविलेली माणसे मोठेपणी कर्तबगार होतात, परंतु जवळच्या नात्यांत मोकळी होऊ शकत नाहीत, असे तिचे प्रतिपादन आहे. तिच्यापुढे आलेली माणसे उपचारासाठी आलेली होती, हे येथे विसरता कामा नये. ऑस्ट्रेलियात 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत निवासी आणि अनिवासी मुलांत फारसा फरक आढळला नाही. काही बाबतींत निवासी मुले किंचित सरस होती.

सर्वांत उद्बोधक प्रयोग फ्रान्समधील आहे. पॅरिसपासून काही अंतरावर सूर्दँ येथे 2009 साली, लष्कराच्या जुन्या बराकीत, गरीब वस्त्यांतील मुलांसाठी एक निवासी शाळा उघडली. अर्ज जागांहून अधिक आल्यामुळे चिठ्ठ्या टाकून प्रवेश दिले गेले. त्यामुळे प्रवेश मिळालेली आणि न मिळालेली अशा दोन्ही प्रकारच्या, इतर बाबतींत सारख्या असलेल्या मुलांची तुलना करता आली. पहिल्या वर्षाअखेर निवासी मुलांचे समाधान घटलेले होते आणि अभ्यासातही काही प्रगती नव्हती. दुसर्‍या वर्षाअखेर समाधान पूर्ववत झाले आणि गणितात त्यांनी चांगलीच आघाडी घेतली; मात्र हा लाभ प्रामुख्याने आधीपासून हुशार असलेल्या मुलांना झाला. पहिल्या वर्षी मुलाची सर्व शक्ती रुळण्यातच जाते, हे म्हैसूरचा कोणताही जुना रेक्टर सांगू शकला असता. परंतु ते मोजून दाखविण्याचे श्रेय या प्रयोगाचे.

आपल्या सरकारने 1985-86 पासून जिल्ह्याजिल्ह्यांत नवोदय विद्यालये काढली. त्यांपैकी पहिल्या दोहोंत एक आपल्या अमरावतीचे होते. म्हैसूर जिल्ह्यातही असे विद्यालय आहे. येथे सहावीत परीक्षा घेऊन प्रवेश देतात आणि निदान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना असतात. नववीतील काही मुले एक वर्षासाठी दुसर्‍या भाषेच्या प्रदेशात पाठवावीत, अशीही योजना त्यात आहे. कन्नड खेड्यातील मूल हिंदी मुलखात वर्षभर राहते आणि तिकडचे इकडे येते. सहावीत एकदा घर सोडलेल्या मुलास हे दुसरे स्थलांतर पुष्कळ हलके जाते. सोबत आपल्याच शाळेचे मित्र असतात आणि वर्ष संपले की परत यावयाचे, हे ठरलेले असते.

परंतु वसतिगृहाचा प्रश्न अतिशय बिकट होतो तो म्हैसूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात. कबिनी नदी आणि नागरहोळेचे अरण्य यांच्या आश्रयाने येथे जेनु कुरुब लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांस ‘हाडी’ म्हणतात. जेनु म्हणजे मध. मध गोळा करणे हा या लोकांचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या मुलांसाठी सरकारी आश्रमशाळा आहेत, आणि त्यांत मूल पहिलीपासून, म्हणजे सहाव्या वर्षीच, राहावयास जाते. घरची बोली जेनु कुरुब, शाळेची भाषा कन्नड. म्हैसूरच्या निवासी शाळेत मुलगा घालणारा शेतकरी अनेक शाळांतून एक निवडतो आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला पाठवितो. हाडीतील आईबापांपुढे प्रश्न असतो तो असा: शिक्षण हवे की मूल जवळ हवे? आश्रमशाळेतून मूल पळून रानवाटेने घरी येते, तेव्हा त्यास अभ्यासाचा कंटाळा म्हणून दोष देणे सोपे असते. पण बोल्बीने ज्या वयाविषयी इशारा दिला होता, त्या वयाच्या सीमेवर हे मूल असते.

अशा शाळांनी किती अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण कॅनडाने जगापुढे ठेवले आहे. तेथील मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले शंभराहून अधिक वर्षांत निवासी शाळांत नेण्यात आली. त्यांना स्वतःची भाषा बोलण्यास बंदी होती, आणि घरापासून तोडणे हाच त्या शाळांचा उघड हेतू होता. तेथील सरकारने 2008 साली जाहीर क्षमा मागितली. सत्यशोधन आयोगाने 2015 साली जो अहवाल दिला, त्यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या शाळांत वाढलेली मुले पुढे आईबाप झाली, तेव्हा मूल कसे वाढवावे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नव्हते. एका पिढीचे वसतिगृह अशा रीतीने पुढच्या पिढीच्या घरात शिरले.

आपल्या आश्रमशाळांचा हेतू तसा नव्हता आणि नाही. तथापि हेतू चांगला असला म्हणून सहा वर्षांच्या मुलाची रात्र लहान होत नाही. या तालुक्यात स्वामी विवेकानंद युवा चळवळीने 1988 पासून वन्य जमातींच्या मुलांसाठी चालविलेली शाळा होसहळ्ळी येथे, हाड्यांच्या परिसरातच आहे. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरीरंगन डोंगरावर डॉ. सुदर्शन यांनी 1981 साली कार्य सुरू केले, तेव्हा सोलिग मुलांची शाळाही डोंगरावरच काढली. शाळा घरापाशी आणली, की निवासी राहूनही मुलाचा घराशी संबंध राहतो. आईबाप बाजारास जाताना डोकावू शकतात, गावचा सण चुकत नाही, आजी आजारी पडल्याचे त्याच दिवशी कळते.

योगायोगाने उन्हाळ्याची सुटी आणि मधाचा मुख्य हंगाम हे जवळजवळ एकाच वेळी येतात. उंच झाडावरील आग्या मधमाश्यांचे पोळे कसे हेरावे, धूर कसा करावा, कितवा भाग झाडावरच ठेवावा, हे ज्ञान बापाबरोबर रानात गेल्यानेच मिळते, आणि आश्रमशाळेतून परतलेल्या मुलाला त्यासाठी वर्षातील एवढेच थोडे आठवडे असतात. ज्या कुटुंबांचे राष्ट्रीय उद्यानातून बाहेर स्थलांतर झाले आहे, त्यांच्या मुलांना मात्र सुटी मिळते, पण रान मिळत नाही. अशा घरी परतलेला मुलगा अंगणात बसतो आणि धाकट्या भावंडांस कन्नड अक्षरे गिरवावयास शिकवितो.